पुण्यातलं सरकारी एम.टेक.: शाखेच्या आधी लॅब बघा

पुण्यात सार्वजनिक विद्यापीठाची अभियांत्रिकीतली पदव्युत्तर पदवी तीन ठिकाणी मिळते, आणि तिन्ही ठिकाणी विद्यार्थ्याच्या पदरात पडतं ते सारखं नसतं. पहिलं ठिकाण शिवाजीनगरला संगमाजवळचं सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे पूर्वीचं कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ मध्ये राज्याच्या कायद्याने स्वतंत्र सार्वजनिक विद्यापीठ झाली. दुसरं, गणेशखिंडीच्या आवारातले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, त्यातही मुख्यतः तंत्रज्ञान विभाग. तिसरं, याच विद्यापीठाशी संलग्न असलेली शहरातली आणि पिंपरी-चिंचवडमधली महाविद्यालयं. तिथे पदवी विद्यापीठाची, पण शिक्षक, इमारत आणि यंत्रं बहुतेक ठिकाणी खासगी संस्थेची, आणि फीसुद्धा तिचीच. सीओईपीत एम.टेक. मिळतं, संलग्न महाविद्यालयांत मुख्यतः एम.ई. नोकरीच्या जाहिरातीत दोन्ही एकाच ओळीत असतात, त्यामुळे त्यावर डोकं शिणवू नये.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिलं वर्ष तिन्हीकडे जवळपास सारखंच जातं: गाभा विषय, ऐच्छिक विषय, रिसर्च मेथडॉलॉजी, एखादा मिनी प्रोजेक्ट. खरा फरक दुसऱ्या वर्षी पडतो. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, नमुना अभ्यासक्रमात एम.टेक.ची ६८ क्रेडिट्स आहेत. त्यातली २६ एकट्या डिझर्टेशनची, म्हणजे प्रबंधाच्या कामाची: तिसऱ्या सत्रात १०, चौथ्यात १६. विद्यापीठागणिक आकडे थोडे हलतात, पण ढाचा हाच. म्हणजे पदवीचा सुमारे ३८ टक्के भाग वर्गाबाहेर, एका गाईडच्या हाताखाली आणि एका लॅबमध्ये पुरा होतो. तरीही प्रवेश घेताना बहुतेक जण शाखेचं नाव, संस्थेचं नाव आणि मागच्या वर्षीचा कटऑफ एवढंच बघतात. लॅबचं दार उघडून आत डोकावणारे फार थोडे.

लॅब बघायची म्हणजे यंत्रांची यादी वाचायची असं नव्हे. यादीत असलेलं यंत्र चालू आहे का, ते कोण चालवतं आणि आठवड्यातून किती तास मिळतं, हे विचारायचं. सिव्हिलमधल्या स्ट्रक्चर्स शाखेचं उदाहरण घेऊ, कारण त्यात हिशोब सरळ मांडता येतो. फ्लाय अ‍ॅश किंवा सिलिका फ्यूम (सिमेंटबरोबर मिसळायच्या बारीक भुकट्या) वापरून काँक्रीटची ५ मिश्रणं करायची आहेत आणि ७, २८ आणि ९० दिवसांची ताकद मोजायची आहे. प्रत्येक वयाला ३ क्यूब (चाचणीचे काँक्रीटचे घन) धरले तर ४५ क्यूब झाले. १५० मिलिमीटरच्या एका क्यूबमध्ये ०.००३३७५ घनमीटर काँक्रीट बसतं. ४५ क्यूबना सुमारे ०.१५२ घनमीटर, म्हणजे ३६५ किलो, आणि वाया जाणारं धरून ४०० किलोच्या आसपास. एका मिश्रणाचे ९ क्यूब एकाच घाण्यात ओतायला हवेत, नाहीतर तुलना बिघडते. म्हणजे ९ साचे एकाच वेळी मोकळे हवेत, आणि साचे सुटतात २४ तासांनी. बी.टेक.च्या प्रॅक्टिकलचे दिवस मध्ये आले की तेच साचे तिकडे जातात. क्यूब पाण्यात ठेवायच्या क्युरिंग टँकमध्ये ४५ क्यूबना जागा आहे का, हाही प्रश्न असतो.

आता तारखा बघा. १५ फेब्रुवारीला ओतलेल्या क्यूबचा ९० दिवसांचा निकाल १६ मेला हातात येतो. सबमिशन मे-जूनमध्ये असेल तर आलेख, चर्चा आणि लेखन यांना उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. म्हणून अशा विषयात ट्रायल मिक्स तिसऱ्या सत्रात उरकून मुख्य ओतकाम डिसेंबरअखेर संपवावं लागतं. हे विषय ठरवतानाच कळायला हवं.

काम बिघडतं तेही ठरावीक जागी. पुण्यात आता बहुतेक ठिकाणी क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) येते आणि ती उघड्यावर पडलेली असते. घनमीटरला ७०० किलो वाळू आहे आणि तिच्यात ३ टक्के जादा ओल आहे असं समजा. तेवढ्याने २१ लिटर पाणी हिशोबाबाहेर आत जातं. ४०० किलो सिमेंटला १८० लिटर पाणी, म्हणजे ०.४५ चं गुणोत्तर धरलं असेल तर ते प्रत्यक्षात ०.५० होतं. ताकद पडते आणि दोष फ्लाय अ‍ॅशला जातो. वाळू ओव्हनमध्ये वाळवून ओल मोजायला फार काही लागत नाही, पण ते दर ओतकामाच्या दिवशी करावं लागतं. ज्या लॅबमध्ये ही नोंद वहीत लिहिलेली सापडते, ती लॅब चांगली आहे असं खुशाल समजावं.

मेकॅनिकलमध्ये हाच घोळ फटीगच्या, म्हणजे वारंवार भार देऊन धातू कधी तुटतो ते बघण्याच्या, चाचणीत होतो. एका नमुन्याला १ कोटी चक्रं द्यायची आणि यंत्र ३० हर्ट्झवर चालतंय, तर ३,३३,३३३ सेकंद लागतात, म्हणजे जवळजवळ ३ दिवस २१ तास. यंत्र रात्री बंद करायचा नियम असेल, किंवा वीज गेल्यावर पुन्हा सुरू करणारं कोणी नसेल, तर एकेका नमुन्याला आठवडा-दीड आठवडा जातो. १२-१५ नमुन्यांचा वक्र काढणं मग सत्रात बसत नाही. लॅब असिस्टंट किती वाजेपर्यंत असतो, सुट्टीच्या दिवशी किल्ली कोणाकडे असते, यूटीएमचं (ताण-दाबाच्या चाचणीच्या यंत्राचं) शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं आणि देखभालीचा करार चालू आहे का, हे चार प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतात.

सिम्युलेशनवर भिस्त असेल तर परवाना विचारा. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या फुकट विद्यार्थी आवृत्तीत नोड्सची (आकृती ज्या बिंदूंत विभागतात त्यांची) मर्यादा असते. साधा ब्रॅकेट किंवा बीम त्यात होतो, गिअरबॉक्सचं आवरण होत नाही. विभागाकडे संशोधन परवाना आहे का, एका वेळी किती जण वापरू शकतात आणि घरून जोडता येतं का, ते पक्कं करा. परवाना नसेल तर ओपनफोम किंवा पायथन अशा मोफत साधनांवर काम करणारा गाईड शोधणं शहाणपणाचं. व्हीएलएसआयवाल्यांनी (चिप डिझाइन शिकणाऱ्यांनी) संस्था केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप कार्यक्रमात आहे का ते विचारावं. महागडी डिझाइन टूल्स संस्थांपर्यंत पोचवण्याचा तो एक मार्ग आहे.

सरकारी संस्थेत खरेदीला वेळ लागतो, आणि हा कोणा एकाचा दोष नाही. वस्तू जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर आहे का ते बघायचं, नसेल तर दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, मंजुरी घ्यायची, मग ऑर्डर. एखादा लोडसेल (भार मोजणारा सेन्सर) किंवा डेटा लॉगर (मोजमापं नोंदवणारं यंत्र) यायला सहज दोन-तीन महिने जातात. लागणाऱ्या वस्तूंची यादी, तपशीलासह, तिसऱ्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात गाईडच्या टेबलावर असली पाहिजे. तपशील इतका नेमका लिहावा की ऑफिसला परत विचारावं लागू नये: क्षमता, अचूकता, आउटपुट, केबलची लांबी.

गाईड निवडण्याबद्दल लोक फार बोलतात, पण तपासत कोणी नाही. विभागाच्या ग्रंथालयात मागच्या तीन वर्षांचे बांधीव प्रबंध असतात. दोन तास बसून ते चाळा. त्याच गाईडकडचे चार प्रबंध एकमेकांची नक्कल वाटतात का, की एकाचं काम पुढच्याने पुढे नेलंय? प्रयोगाचे फोटो याच लॅबचे आहेत का? आलेखावर एरर बार (मोजमापातली अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) आहेत का? शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्या गाईडच्या विद्यार्थ्यांचे पीएच.डी. प्रबंध मिळतात, तेही बघावेत. गाईडकडे प्रशासकीय पद असेल किंवा निवृत्ती तुमच्या चौथ्या सत्राच्या आत येत असेल, तर सहमार्गदर्शक आधीच ठरवून घ्या.

सार्वजनिक संस्थेचा एक मोठा फायदा अजून पुरेसा कोणी मोजत नाही. जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारचं वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालं. त्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना खुली झाली: आयट्रिपलई, एल्सव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, एएससीई, एएसएमई सगळे त्यात आहेत. ही सोय केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. संलग्न खासगी महाविद्यालयाला विद्यापीठाची पदवी देता येते म्हणून ही दारं आपोआप उघडत नाहीत. तिथे महाविद्यालयाने स्वतः काय विकत घेतलंय तेवढंच. लिटरेचर सर्व्हेला दोन महिने लागणार की सहा, हे पुष्कळदा यावर ठरतं. प्रवेश झाल्याझाल्या ग्रंथालयातून बाहेरून वापरण्याचं लॉगिन मागून घ्या. अनेकांना ते असतं हेच माहीत नसतं आणि आवारातल्या वायफायवर बसून पेपर उतरवत राहतात.

आता गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, आणि पैसे. गेटचा पेपर ३ तासांचा, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे. बहुपर्यायी प्रश्न चुकला तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा होतो, पण एकाहून अधिक बरोबर पर्यायांचे आणि आकडा टाकायचे प्रश्न चुकले तर काही वजा होत नाही, तेव्हा ते कोरे सोडू नयेत. स्कोअर निकालापासून ३ वर्षं चालतो. राज्याच्या सीईटी सेलच्या कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत) गेटवाल्यांचा नंबर आधी लागतो; उरलेल्या जागा गेट नसलेल्यांना पदवीच्या गुणांवर मिळतात. म्हणून ‘गेटशिवायही जागा मिळते’ हे खरं असलं तरी अर्धवट आहे, कारण पुढची शिष्यवृत्ती गेटलाच बांधलेली आहे.

एआयसीटीईची पीजी शिष्यवृत्ती महिन्याला १२,४०० रुपये, जास्तीत जास्त २४ महिने. अटी पुढे लिहिल्या आहेत त्या शब्दशः पाळाव्या लागतात. प्रवेशाच्या वेळी गेटचा स्कोअर वैध हवा आणि पूर्णवेळ अभ्यासक्रम हवा. त्या काळात दुसरीकडून पगार किंवा विद्यावेतन घेता येत नाही. आठवड्याला ८ ते १० तास अध्यापनाचं किंवा संशोधनाचं काम करावं लागतं: बी.टेक.चं प्रॅक्टिकल घेणं, जर्नल तपासणं वगैरे. संस्थेने दर महिन्याला हजेरी पोर्टलवर भरली तरच पैसे निघतात. बँक खातं स्वतःच्या एकट्याच्या नावावर, साधं बचत खातं आणि आधारशी जोडलेलं हवं. संयुक्त खातं किंवा शून्य शिलकीचं मर्यादित खातं दिलं की रक्कम परत जाते. ओबीसी विद्यार्थ्यांनी नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्याची तारीख आधी बघावी, जुना दाखला चालत नाही.

पहिला हप्ता उशिरा येतो. प्रवेशफेऱ्या संपल्यावर संस्था विद्यार्थ्यांचे आयडी तयार करते, मग कागद तपासले जातात, मग मंजुरी. म्हणून निदान पहिल्या चार महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच पुण्यात या. शिवाजीनगर, मॉडेल कॉलनी, औंध, खडकी या भागात खोलीसाठी अनामतही द्यावी लागते. कॅप उशिरा संपते, त्यामुळे वसतिगृहाच्या अर्जाची तारीख स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी लागते. पीजीसाठी जागा किती आहेत, हे माहितीपुस्तिकेतच पाहून घ्यावं.

आणखी एक बारीक गोष्ट. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांना एआयसीटीईची मान्यता घेतलीच पाहिजे असं बंधन नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात तसं स्पष्ट केलं आहे. पदवीला त्याने काही कमीपणा येत नाही. पण ही शिष्यवृत्ती एआयसीटीईमान्य अभ्यासक्रमांनाच मिळते. तेव्हा आवारातल्या विभागात प्रवेश घेताना ‘हा अभ्यासक्रम एआयसीटीईमान्य आहे का आणि मंजूर जागा किती’ हे ऑफिसात विचारून लेखी उत्तर घ्या. वर्षाला दीड लाखाच्या आसपासचा हा प्रश्न आहे.

फीसाठी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसारख्या योजना आहेत. तिथे कुटुंबाच्या ८ लाखांच्या उत्पन्नमर्यादेचा दाखला लागतो. कॅपसाठी अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता आणि ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं नॉन-क्रीमी लेयर ही कागदपत्रं जूनच्या आत तयार हवीत. वैधता समितीकडून यायला उशीर होतो आणि त्यासाठी फेरी थांबत नाही. गेटचा निकाल मार्चमध्ये लागतो. आयआयटीसाठी कोप हे पोर्टल, एनआयटीसाठी सीसीएमटीच्या प्रवेशफेऱ्या आणि मग राज्याची कॅप, असा साधारण क्रम असतो. सीओईपीतली जागा घेऊन एनआयटीच्या शेवटच्या फेरीकडे डोळे लावून बसणार असाल, तर प्रवेश रद्द करण्याची कट-ऑफ तारीख भिंतीवर लिहून ठेवा. त्या तारखेनंतर फी परत मिळत नाही.

दुसऱ्या राज्यातल्या किंवा दुसऱ्या विद्यापीठातल्या पदवीधरांना पुणे विद्यापीठात पात्रतेचा अर्ज आणि मायग्रेशन सर्टिफिकेट द्यावं लागतं. ते मागे पडलं की पहिल्या सत्राचा निकाल अडकतो. निकालावर शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन. दोन्हींची मुदत थोडी असते.

पुणं या शहराचा खरा उपयोग मात्र तिसऱ्या सत्रापासून होतो. वाहन-संशोधनाची एआरएआय वेताळ टेकडीवर आहे, जल आणि ऊर्जा संशोधनाची सीडब्ल्यूपीआरएस खडकवासल्याला, रसायनशास्त्राची एनसीएल आणि हवामानशास्त्राची आयआयटीएम पाषाणला. संगणनातल्या सी-डॅकचं मुख्यालय इथेच आहे, आणि संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांपैकी एआरडीई पाषाणला आणि आर अँड डीई दिघीला. डिझर्टेशन अशा ठिकाणी करता येतं, पण त्याची वाट गाईडच्या ओळखीतून आणि संस्थेच्या पत्रातून जाते. संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळांत पोलिस पडताळणी लागते आणि निकाल छापण्याआधी मंजुरी लागते. चाकण-भोसरीतल्या कंपन्यांत गोपनीयतेचा करार होतो. त्यावर सही करण्याआधी ‘प्रबंधात कोणता डेटा देता येईल’ हे त्यातच लिहून घ्या. नाहीतर जूनमध्ये सगळं काम तयार असतं आणि आलेखावरचे आकडे पुसून टाकावे लागतात. बाह्य परीक्षक व्हायवात नेमकं तेच विचारतात.

साहित्यचौर्याची तपासणी हा सबमिशनमधला सर्वांत मोठा अडथळा वाटतो, पण नियम साधा आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर काही दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला वर्षभर बंदी, आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, प्रमाण समीकरणं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सामाईक शब्दप्रयोग यातून वगळायचे असतात. ही गाळणी लावून अहवाल काढला आहे का ते बघावं. न लावता काढलेला अहवाल उगीच २५ टक्के दाखवतो आणि मुलं घाबरून वाक्यं मोडत बसतात. आपलाच परिषदेतला पेपर आधी छापला असेल तर त्याचं साम्यही दिसतं, तेव्हा त्याचा उल्लेख प्रबंधात हवाच.

कोणासाठी काय, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. प्राध्यापकीकडे जायचं असेल तर बी.ई. आणि एम.ई. दोन्ही, आणि त्यांपैकी एकात प्रथम श्रेणी, एवढी सहायक प्राध्यापकाची किमान पात्रता आहे आणि ती तिन्ही ठिकाणी सारखीच मिळते. पुढे पीएच.डी. करायची असेल, तर लॅब आणि नियतकालिकं यांमुळे आमचा कौल सीओईपीला किंवा विद्यापीठाच्या आवाराला. संलग्न महाविद्यालयात एखादा उत्तम गाईड आणि खरोखर चालणारी लॅब असेल, तर तिथेही चांगलं काम होतं. फक्त फीचा आणि पेपरांचा खर्च आधी मोजावा. पीएसयूत, म्हणजे सरकारी कंपनीत, नोकरी हेच ध्येय असेल तर एम.टेक. हा लांबचा रस्ता आहे, कारण तिथे बरीच भरती गेटच्या स्कोअरवर होते. त्यासाठी दोन वर्षं प्रबंधात घालवण्याची गरज नाही.

भेट द्यायची तर एप्रिलच्या शेवटी द्या. तेव्हा दुसऱ्या वर्षाची मुलं लॅबमध्येच असतात, यंत्रं एकतर चालू असतात नाहीतर कापडाखाली झाकलेली, आणि विचारलं तर ती मुलं खरं सांगतात. विभागप्रमुखांची परवानगी आधी मेलवर घ्या, गेटचं स्कोअरकार्ड बरोबर ठेवा आणि सकाळी साडेदहाला पोचा. दुपारच्या जेवणानंतर लॅब बघायला मिळेल की नाही, याची खात्री देता येत नाही.